शिडाच्या बोटीवर सात दिवस : वाचकांचे प्रश्न

सेशेल्सच्या बेटांत बोट भाड्याने घेण्याबद्दल सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न.

प्रश्न : आम्ही दोन कुटुंबं, मुलं धरून आठ जण. शाळा कर्नाटकातल्या, म्हणून एप्रिल-मे किंवा दसऱ्याची सुट्टी एवढंच हातात. कधी जावं, आणि आठवड्यात किती बेटं होतील? (टिळकवाडी, बेळगाव)

सुट्ट्या तुमच्या पथ्यावरच पडल्या आहेत. एप्रिल आणि ऑक्टोबर हे तिथले वारा पालटण्याचे महिने. वारा मंद, समुद्र शांत, पाणी नितळ. मे महिन्यात आग्नेयेचा वारा धरतो तो सप्टेंबरपर्यंत राहतो. हेच वारे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि जूनमध्ये जांबोटी-कणकुंबीला झोडपतात. म्हणजे आपल्याकडे छत्र्या निघाल्या की तिकडे बोट उसळणार, हे धरून चाला. डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा. पाऊस जानेवारीत जास्त.

बेटं मोजत बसू नका. बोट पहिल्या दिवशी दुपारनंतर ताब्यात मिळते आणि शेवटच्या सकाळी परत द्यायची असते. माहे (मुख्य बेट, बोट इथूनच निघते) ते प्रास्लिन बेट साधारण पंचवीस सागरी मैल, सहा नॉटने, म्हणजे ताशी सहा सागरी मैलांनी, चार तास. अंधारात बोट हलवायला कंपन्या मनाई करतात आणि सूर्य तिथे वर्षभर साडेसहाच्या आसपास मावळतो. पहिली रात्र माहेजवळ, शेवटचीही माहेजवळ. मधल्या दिवसांत प्रास्लिन, ला दिग आणि महाकाय कासवांचं क्युरियूज, एवढं झालं तरी सहल भरगच्च होते.

प्रश्न : मला गोव्यात मोटरबोट चालवायची सवय आहे. स्किपर (बोट चालवणारा कप्तान) न घेता बोट मिळेल का? (निपाणी)

नाही, आणि मिळाली तरी घेऊ नका. शिडाची बोट चालवण्याचा दाखला आणि आजवर कुठे, किती मैल चालवली याची नोंद कंपनी मागते. इंजिनावरच्या सवयीने वारा हाताळता येत नाही. स्किपरचं रोजचं मानधन भाड्याव्यतिरिक्त असतं, त्याचं जेवण तुमच्याकडे, आणि झोपायला जागाही द्यावी लागते. चार केबिनच्या बोटीत पुढच्या टोकाला एक चिंचोळी खोली असते, ती त्याची. ती आहे ना, हे ठरवतानाच विचारा; नाहीतर तो हॉलमधल्या बाकावर झोपतो आणि रात्री कोणाला पाणी प्यायला उठायचीही चोरी.

प्रश्न : आठ माणसांना बोटीवरचं पाणी पुरतं का? (खानापूर)

पुरवलं तर पुरतं. पंचेचाळीस फुटी कॅटमरानवर (दोन जुळ्या तळांची रुंद बोट) सहाशे-आठशे लिटरची सोय असते. शॉवर मिनिटाला दहा लिटर ओततो असं धरा. आठ जणांनी घरच्यासारखी पाच-पाच मिनिटं आंघोळ केली की चारशे लिटर गेले, टाकी दुसऱ्या दिवशीच तळाला. रीत अशी : समुद्रात डुंबायचं, मागच्या पायरीवर साबण लावायचा, पुन्हा बुडी, आणि शेवटी गोड्या पाण्याचा दोन-तीन लिटरचा हबका. साधा साबण खाऱ्या पाण्यात फेसच धरत नाही, तिथे शॅम्पू कामाचा. अशाने माणशी वीस-पंचवीस लिटरांत दिवस निघतो आणि टाकी तीन ते पाच दिवस चालते. पिण्याचं पाणी वेगळं, माणशी रोज तीन लिटरच्या हिशेबाने बाटल्यांत.

टाक्या दोन असतील तर एकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. पहिली संपली की तेव्हाच कळतं, आणि हात आवरता येतो. कोणताही नळ उघडा नसताना पंप मधूनच कुरकुरला तर कुठेतरी गळती आहे. रिकाम्या टाकीवर तो कोरडा फिरत राहिला तर जळतो, म्हणून पाणी संपताच त्याचं बटण आधी बंद करायचं.

संडासाचंही इथेच सांगतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. हातपंप असेल तर पंधरा-वीस वेळा पुरा दाबायचा, म्हणजे लांब नळीतली घाण टाकीपर्यंत पोचते. चार वेळा दाबून सोडलं की ती नळीतच बसते. कागद, केस, पॅड काहीही आत नाही. साठवण टाकीचा व्हॉल्व्ह नांगर टाकलेल्या खाडीत बंद आणि खुल्या समुद्रात, नियम पाहून, उघडा. उघडायचं विसरून भरलेल्या टाकीवर पंप मारत राहिलात तर जोड सुटतात. पुढचं वर्णन नको.

प्रश्न : रात्री नांगर सुटला तर? आणि नीट बसलाय हे कसं ओळखायचं? (चिकोडी)

स्किपर असला तरी हे समजून घ्या. बोट नांगराच्या वजनाने थांबत नाही. तळाशी पडलेली साखळी ओढ आडवी ठेवते, म्हणून नांगर वाळूत रुततो. साखळी कमी सोडली की ओढ वर येते आणि नांगर उपटतो. हिशेब असा : खोली पाच मीटर, भरतीने वाढणारं पाणी दीड, पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची दीड. झाले आठ. त्याच्या पाचपट म्हणजे चाळीस मीटर साखळी; वारा चढणार असेल तर सातपट, छप्पन्न.

बोट वाऱ्याकडे तोंड करून थांबवा, फिकट वाळूचा पट्टा पाहून नांगर टाका (गडद डाग म्हणजे प्रवाळ किंवा गवत), आणि हळूहळू मागे सरकत साखळी सोडा. ढीग करून सोडलीत तर ती नांगरातच अडकते. मग इंजिन रिव्हर्समध्ये अर्धा मिनिट ताणा आणि ताणलेल्या साखळीला तळव्याने नुसता स्पर्श करा, बोटं कड्यांत घालू नका. थरथर जाणवली तर नांगर घसरतोय. साखळी स्थिर राहिली तर बसला. चष्मा लावून पोहत जाऊन बघितलंत तर उत्तमच. किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा खडक एका रेषेत धरून ठेवा, रात्रीसाठी फोनवर बोट जागेवरून सरकली की वाजणारा जीपीएसचा गजर लावा.

उचलताना इंजिन चालू हवं, कारण साखळी ओढणारा नांगराचा विजेचा चरखा बॅटरी खातो. चरख्याने बोट ओढायची नाही; इंजिनाने पुढे जायचं आणि सैल झालेली साखळी तेवढी गुंडाळायची. नाहीतर ब्रेकर पडतो. तो कुठल्या फळीमागे आहे हे बोट ताब्यात घेतानाच बघून ठेवा.

प्रास्लिनची आन्स लाझिओ खाडी वायव्येला उघडी आहे. आग्नेयेच्या वाऱ्यात तिथे निवांत झोप लागते, जानेवारीत मात्र रात्रभर हेलकावे.

प्रश्न : बोटीवर भाकरी करता येईल का? कुकर, कुंदा, आंबे न्यावेत का? (शहापूर, बेळगाव)

भाकरी होते, पण नांगरावर असताना. तवा जड घ्या, कुकर तीन लिटरचा. काम संपलं की शेगडीबरोबर सिलिंडरचा कॉकही बंद करा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो खिडकीतून न जाता बोटीच्या तळाशी साचतो. फळं, भाज्या, बी-बियाणं, दुधाचे पदार्थ यांवर बेटांवरचे देश कडक असतात, म्हणून आंबे आणि कुंदा घरीच. पीठ, डाळ, मसाले कंपनीच्या सीलबंद पाकिटांत न्या आणि विमानतळावर न विचारताच दाखवा.