‘लेफ्ट झाला’ की ‘लीव्ह झाला’?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून कोणी बाहेर पडलं की सगळे ‘अमुक लेफ्ट झाले’ म्हणतात, पण लेफ्ट हे तर आधीच भूतकाळाचं रूप, मग त्याला पुन्हा ‘झाले’ कशाला जोडायचं, नियमाने ‘लीव्ह केलं’ म्हणायला नको का, आणि याला धड मराठी शब्द आहे की नाही?

इंग्लिशच्या नियमाने तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण हे वाक्य इंग्लिश नाहीच ना. इंग्लिशमधला भूतकाळ मराठीत येताना गळून पडलाय. पटत नसेल तर लोक पुढचं काय बोलतात ते ऐका. ‘जास्त बोललास तर मी लेफ्ट होईन हं’, ‘लेफ्ट व्हायचं असेल तर हो ना, सांगतोस कशाला’, ‘दर दिवाळीला लेफ्ट होतो आणि भाऊबीजेला परत येतो’. भविष्यकाळ, आज्ञार्थ, रीतिवर्तमान, सगळीकडे लेफ्ट जसाच्या तसा, काळ दाखवायचं काम एकटं ‘होणे’ करतंय. म्हणजे आपल्यासाठी लेफ्ट हे क्रियापदाचं रूप नाही, ती एक अवस्था आहे, क्रिकेटमधल्या ‘आऊट’सारखी. फलंदाज आऊट होतो तसा माणूस लेफ्ट होतो.

आता लीव्ह का नाही आणि लेफ्टच का, याचं उत्तर मला वाटतं व्याकरणापेक्षा स्क्रीनवर जास्त आहे. आपण शब्द डोळ्यांनी उचललाय. ज्यांच्या फोनची भाषा इंग्लिश आहे (आणि मराठी घरांतसुद्धा बहुतेकांची असतेच) त्यांना कोणी बाहेर पडलं की चॅटच्या मधोमध बारीक अक्षरात एक ओळ दिसायची, आधी नाव आणि पुढे लेफ्ट. बास. लीव्ह हा शब्द कुठे दिसतच नाही, तो दिसतो झूमसारख्या मीटिंगच्या ॲपमध्ये, तिथे कोपऱ्यात तांबडं बटण असतं आणि त्यावर लीव्ह लिहिलेलं असतं. म्हणून गंमत बघा, तोच माणूस ऑफिसच्या कॉलवर ‘मी आता लीव्ह करतो’ म्हणतो आणि घरच्या ग्रुपबद्दल बोलताना ‘मामा लेफ्ट झाले’ म्हणतो. एकीकडे तो बटण दाबतोय, दुसरीकडे बातमी वाचतोय. तसंच ‘मेसेज सेंड झाला नाही’ हे, तिथे कोणी ‘सेंट झाला नाही’ म्हणत नाही कारण हाताखालचं बटण सेंडचं आहे.

मग कोणी विचारेल की ‘जॉईन्ड’ पण स्क्रीनवर दिसतं, तरी आपण ‘जॉईन झाला’ का म्हणतो? कारण शेवटचा ‘ड’ मराठी कानाला सुटा करता येतो, आणि आपण तो वर्षानुवर्षं सुटा करून टाकतच आलोय. रिटायर झाले, सेटल झाला, बोअर झालो, सिलेक्ट झाली, मिस कॉल दे. यातलं एकही ‘ड’ घेऊन आलेलं नाही. लेफ्टला मात्र काढून टाकायला शेपूटच नाही, म्हणून तो भूतकाळ आहे हे कळलंच नाही आणि अख्खा शब्द आत आला.

पण खरी मजा पुढे आहे. हा साचा मोबाईलने आणलेला नाही, तो आपल्याकडे कित्येक शतकं आहे आणि फारसी-अरबी शब्दांसाठी आपण तो सर्रास वापरतो. हजर झाला, दाखल झाला, रवाना झाला, फरार झाला, राजी झाला. यातला ‘दाखल’ हा अरबीत मुळात ‘आत शिरणारा’ अशा अर्थाचा शब्द, ‘रवाना’च्या मुळाशी फारसीतला चालणारा, वाहणारा हा अर्थ, आणि ‘फरार’ म्हणजे तर चक्क पळून जाणं, नामच ते. त्या त्या भाषेत ही रूपं वेगवेगळ्या जातीची, पण मराठीने कोणालाही कुळ न विचारता सगळ्यांना एकाच पंगतीत बसवलं आणि पुढे ‘होणे’ वाढलं. आज कोणी म्हणतं का की ‘दाखल’मध्ये शिरण्याची क्रिया आधीच आहे, मग ‘दाखल झाला’ ही द्विरुक्ती झाली? तेच लेफ्टचं. दाखल झाला म्हणजे जॉईन झाला, आणि रवाना झाला म्हणजे लेफ्ट झाला. (आणि कर्ज न फेडता भिशीच्या ग्रुपमधून लेफ्ट झाला तर फरार झाला.)

आता मराठी शब्दाचं. आहे की, ‘सोडला’ आहे, ‘बाहेर पडले’ आहे. पण लोक ते का टाळतात हे बघण्यासारखं आहे. सगळ्यात सोपा शब्द ‘गेले’, तो तर वापरायची सोयच नाही. सकाळी सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘अप्पाकाका गेले’ असं टाकून बघा, दहा मिनिटांत गावाहून फोन येतील आणि कोणीतरी एसटी स्टँडवर पोचलेलं असेल.

‘सोडला’मध्ये वेगळी अडचण. ‘काकांनी ग्रुप सोडला’ म्हटलं की तो ‘-नी’ येतो आणि काका कर्ते म्हणून उभे राहतात, म्हणजे त्यांनी हे ठरवून केलं, काहीतरी बिनसलंय, कोण काय बोललं होतं काल. क्रियापदही काकांना सोडून ग्रुपच्या मागे जातं, ग्रुप सोडला. ‘काका लेफ्ट झाले’ मध्ये तो ‘-नी’ नाही, क्रियापद काकांबरोबर आदराने ‘झाले’ होतं, आणि चुकून अंगठा लागला की रागाने बाहेर पडले हे झाकलेलं राहतं. आजारी झाले, रिटायर झाले, लेफ्ट झाले. भांडण मिटवायला बरा पडतो असा शब्द, नात्यागोत्यात तर फारच. जे लोक ‘मी ग्रुप लेफ्ट केला’ असं म्हणतात (तेही खूप आहेत) त्यांच्या बोलण्यात बघा थोडा ताठा असतोच, ‘केला’ म्हणजे केला.

‘गट सोडला’ असंही कोणी सुचवेल, पण महाराष्ट्रात गट म्हटलं की डोळ्यांसमोर राजकारण येतं, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरच्या ग्रुपला ते जड होतं. ‘समूहातून बाहेर पडले’ हे छापायला छान, बोलायला नाही. आणि आमच्याकडे एक गृहस्थ मुद्दाम विचारतात, लेफ्ट झाले म्हणजे डावे झाले का? हा विनोद त्यांनी आत्तापर्यंत किमान वीस वेळा केलाय.

मला जास्त कुतूहल व्हिडिओ कॉलचं आहे. व्हॉट्सॲपवर ग्रुप व्हिडिओ कॉल 2018 मध्ये आला, तेव्हा चारच माणसं मावायची, मग 2020 मध्ये आठ झाली आणि 2022 मध्ये 32. त्यातून एकटं बाहेर पडायला आपण काय म्हणतो? आमच्या घरी ‘लेफ्ट होते’ कोणीच म्हणत नाही. आत्या म्हणते ‘मी ठेवते गं, तुम्ही बोला’. ठेवते! काय ठेवते? काळ्या फोनचा रिसीव्हर ठेवायचा त्यातला तो शब्द, आता ठेवायला काही नाही तरी टिकलाय. खरं तर ठेवल्यावर संभाषण संपायला पाहिजे, पण इथे बाकीचे पाच जण गप्पा मारतच राहतात, म्हणून तिला ‘तुम्ही बोला’ हे शेपूट जोडावं लागतं. आजोबा ‘येतो हं’ म्हणतात, दारातून निघताना म्हणतात तसंच, आणि मग लाल बटण न सापडल्यामुळे पुढची पाच मिनिटं आपल्याला त्यांच्या घराचा पंखा दिसत राहतो. म्हणजे स्वतः निघताना ठेवते नाहीतर येतो, आणि दुसरा निघाला तर लेफ्ट झाला. लेफ्ट हा बातमी सांगणाऱ्याचा शब्द आहे, निरोप घेणाऱ्याचा नाही.

अजून एक. ‘अमुक बाहेर पडले’ ही सूचना व्हॉट्सॲपची कल्पना नाही, 1988 मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या आयआरसी या इंटरनेटवरच्या जुन्या चॅटमध्येही अशाच ओळी यायच्या, आमच्या कॉलेजच्या दिवसांत सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून त्या वाचल्यात. पण तेव्हा ‘लेफ्ट झाला’ घराघरात पोचलं नाही, कारण त्या चॅटच्या खोल्यांमध्ये काका-मावश्या नव्हत्या. आणि आता उलटं झालंय. ऑगस्ट 2022 मध्ये व्हॉट्सॲपने जाहीर केलं की ग्रुप गुपचूप सोडता येईल, सूचना फक्त ॲडमिनला जाईल. म्हणजे ज्या ओळीतून हा शब्द आपण उचलला ती ओळच सगळ्यांना दिसायची बंद झाली, आणि शब्द मात्र मजेत आहे. आता लोक ‘अरे तो कधी लेफ्ट झाला, कळलंच नाही’ म्हणतात.

तर चूक आहे का? बोलताना अजिबात नाही. सोसायटीच्या इतिवृत्तात लिहायचं असेल तर मी ‘ग्रुप सोडला’च लिहीन, तिथे कोणी काय ठरवून केलं हे स्पष्टच हवं असतं.

एका रूपाशी मात्र माझं अजून जमलेलं नाही. हल्ली ‘ॲडमिनने त्याला लेफ्ट केलं’ असं ऐकू येतं, म्हणजे काढून टाकलं या अर्थाने. साच्याच्या हिशोबाने आक्षेप घ्यायला जागा नाही, रवाना झाला तसं रवाना केलं, हजर झाला तसं हजर केलं, दाखल केलं, सगळं चालतं. तरी मला ते खटकतं, कारण काढलेला माणूस आणि निघालेला माणूस यातला फरक त्यात पुसला जातो, आणि त्यासाठी ‘काढलं’ हा साधा चार पैशांचा शब्द घरात पडलाय. रागात असाल तर ‘हाकललं’.