आरशात दिसलेली मुलगी

प्रश्न : लेकीच्या प्रोजेक्टसाठी इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीवरची जुनी कार्टून्स बघत होते. एकात श्रीमंत बाई नवा झगा घालून आरशासमोर उभी आहे आणि आरशात दुसरीच मुलगी मान टाकून पडलेली दिसते. लेक म्हणाली, आई यात हसायचं काय? मला सांगताच येईना. याला कार्टून का म्हणायचं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : लेकीला हसू आलं नाही ना, मग तिला चित्र कळलंय. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात जुलै १८६३ मध्ये ते छापून आलं, काढलं जॉन टेनिएलनं. त्याआधी जूनमध्ये मेरी ॲन वॉकली ही २० वर्षांची मुलगी वारली होती. मोठ्या घरच्या बायकांचे झगे शिवणाऱ्या दुकानात कामाला होती, राजघराण्यातल्या नव्या सुनेसाठी बॉल, म्हणजे नाचाचा मोठा समारंभ ठेवलेला, त्याचे झगे वेळेत द्यायचे म्हणून सलग साडेसव्वीस तास काम केलं, शुक्रवारी आजारी पडली आणि रविवारी गेली. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, गच्च भरलेल्या खोलीत तासन् तास काम आणि झोपायला कोंदट जागा. मिलमध्ये कापड मशीनवर भराभर निघत होतं हो, पण झगा पुरा करायला रात्रभर जागायच्या त्या मुलीच.

आता चित्राखालची ओळ वाचा. दुकानाची मालकीण म्हणते, बाईसाहेब, कुठल्याही किमतीवर आम्ही तुम्हाला नाराज केलं नसतं. इंग्रजीत तिथे 'सॅक्रिफाइस' शब्द आहे, म्हणजे बळी, आणि तो बळी समोर आरशातच आहे. मला तर ती ओळ वाचून दरवेळी पोटात गोळा येतो.

आणि कार्टून शब्दाचं म्हणाल तर तेव्हा भिंतीवर चित्र काढण्याआधी जो मोठा कच्चा आराखडा करायचे त्याला कार्टून म्हणायचे. १८४३ मध्ये लंडनच्या नव्या पार्लमेंटसाठी अशा आराखड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा 'पंच'मध्ये जॉन लीचनं फाटक्या कपड्यांतली गरीब माणसं आणि पोरंबाळं ऐटबाज चित्रं बघत उभी आहेत असं चित्र काढलं आणि वर नाव दिलं 'कार्टून नंबर १'. लोकांना भाकरी हवी होती नि सरकार चित्रं दाखवत होतं, हा त्यातला राग. व्यंगचित्राला कार्टून म्हणायची सवय तिथून पडली, म्हणजे शब्दाचा हा अर्थच उपाशी माणसांच्या चित्रावरून आलाय.

प्रोजेक्टमध्ये हे चित्र नक्की लावा, फक्त छोटं करू नका. झग्याचा घेर केवढा आहे ते लेकीला आधी बघू दे, मग आरशात त्या मुलीच्या वाट्याला किती जागा आलीय ते.