जर्मनीत खासगी लोकल रेडिओ आला तेव्हा बातम्या मालकाच्याच असायच्या का? आणि भारतात खासगी एफएमवर बातम्या का नाहीत?

ज्याचा पैसा त्याच्या बातम्या, असं तुम्ही धरूनच चाललाय. आमचे थोरले मेहुणेही हेच म्हणायचे, म्हणून लिहितोय.

१९८४ ला लुडविग्सहाफेनला केबलवर सुरुवात झाली, ८५ ला म्युनिकमध्ये ९२.४ मेगाहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर बरीच स्टेशनं आळीपाळीने वाजू लागली. मी होतो रूहर भागात, म्हणजे पश्चिम जर्मनीतल्या खाणी-कारखान्यांच्या पट्ट्यात, तिथला कायदाच निराळा. यंत्रणा आणि पैसा सांभाळणाऱ्या कंपनीत वर्तमानपत्रवाल्यांचा वाटा ७५ टक्क्यांपर्यंत, पण कार्यक्रम वेगळ्या संस्थेच्या हातात. तिच्यात चर्च, कामगार संघटना, खेळाडूंच्या संघटना यांचे प्रतिनिधी. बातमीत नाक खुपसायचा मालकाला हक्कच नाही. १ एप्रिल १९९० ला डुइसबुर्गचं पहिलं स्टेशन लागलं, मग गावोगाव.

वर तेव्हा १५ टक्क्यांपर्यंत वेळ सामान्य नागरिकांच्या कार्यक्रमांचा. तिथे आम्ही घुसलो: मी, एक तुर्की वेल्डर आणि शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई. विषय, परदेशी माणसांना जर्मनीत राहायचं परमिट वाढवून घ्यायला कचेरीबाहेर पहाटे लागणारी रांग. पाव इंची टेप. रीळ हाताने मागेपुढे फिरवून शब्द पकडायचा, पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका काप, वर चिकटपट्टी. कापलेले तुकडे बाई गळ्यात टाकून बसायच्या. मी वेल्डरचे सगळे श्वास उडवले तर त्यांनी ते शोधून परत जोडायला लावले. म्हणाल्या, श्वास काढलास तर तो पाठ केलेलं बोलतोय असं वाटेल.

लागला कार्यक्रम, तोही नेमका फुटबॉलच्या मॅचच्या रात्री! तरी कचेरीतून स्टेशनला तक्रारीचा फोन गेलाच. संपादक म्हणाला, उत्तर द्यायचंय ना, या, माइक मोकळा आहे. कोणी फिरकलं नाही.

मेहुण्यांच्या मते ही गावगप्पा. बरं. मग तुमच्या गावात नळाला पाणी कधी येणार ही गावगप्पा तुमच्या रेडिओवर कधी ऐकलीत, भाऊजी?

आता हेही खरं, की दिवसातले बरेच तास रूहरमधल्याच ओबरहाउझेन शहरातून सगळ्या स्टेशनांना तयार कार्यक्रम यायचा, गाणी सगळीकडे तीच. आणि कित्येक गावांत पेपर एकच, रेडिओतला पैसाही त्याचाच, त्यामुळे तुमची शंका अगदीच फोल नाही. कायद्यात काहीही लिहिलं तरी एका गावात तोंडं वाजवायची कोणी.

भारतात २००१ पासून खासगी एफएम आहे, पण स्वतःच्या बातम्यांना बंदी. आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. का, ते सरकारला विचारा. मेहुण्यांना विचारू नका, तासभर जाईल.