डुगडुगणारा नळ आणि पातळ पत्रा

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरात स्टीलचं सिंक आहे आणि त्याच्या मागच्या पट्टीवर उंच मानेचा मिक्सर नळ. दांडी वर उचलली की अख्खा नळ पुढे झुकतो. गरम-थंड करायला गेलं की डावी-उजवीकडे डुलतो. प्लंबर येतो, खालून नट आवळून देतो, चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. आता तर नळाभोवतीचा पत्रा किंचित खाली बसलाय आणि तिथे पाणी साचतं. नळ बदलावा की सिंक?
– एक वाचक

उत्तर : तूर्त दोन्ही राहू द्या. आधी एक बघून घ्या. नळाशेजारच्या पत्र्यावर दिव्याच्या उजेडाची रेघ पडेल अशा बेताने उभे राहा आणि नळ हलके पुढे-मागे करा. ती रेघ नळाबरोबर वाकत असेल, तर नळ पत्र्याला घट्टच बसलाय, हलतोय तो पत्रा. रेघ जागच्या जागी राहिली आणि नळाचं बूड मात्र घसरलं किंवा गोल फिरलं, तर नट खरोखर ढिला आहे. तुमच्या वर्णनावरून मला पहिलाच प्रकार वाटतो. पत्रा खाली बसलाय हे तुम्हीच लिहिलंय, आणि ते नट आवळून आवळून झालंय.

घरगुती सिंकचा पत्रा बऱ्याचदा मिलिमीटरभरही जाड नसतो. त्यात नळासाठी साधारण ३५ मिलिमीटरचं भोक पाडलेलं, म्हणजे जिथे ताकद हवी तिथलाच पत्रा काढून टाकलेला. वर तीसएक सेंटिमीटर उंचीचा नळ, आणि त्याचं बूड पाच सेंटिमीटर रुंद. वरच्या टोकाला एक किलोचा धक्का दिलात तर बुडाशी त्याच्या दहा-बारा पट जोर येतो. तो जोर झेलायला खाली काय असतं? घोड्याच्या नालेसारखी एक छोटी चकती, तिच्यावर एक रबरी वायसर आणि तिला दाबून धरणारा एकच आट्यांचा दांडा, तोही मधोमध नाही, एका बाजूला. नट जितका पिळाल तितका पत्रा त्या चकतीच्या काठाशी वाकतो. वाकलेला पत्रा सैल पडतो, की पुन्हा पिळायचं. प्लंबरला मी बोल लावत नाही. सिंकखाली आडवं पडून, तोंडावर गंज झेलत काम करायचं तर माणूस लवकर सुटका बघणारच. पण नट पिळणं हे या दुखण्यावरचं औषध नाही.

पत्र्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो. सिंक जाड करता येत नाही, पण नळाखाली जाडी देता येते. मी सरळ प्लायवूडचा तुकडा घालते, १२ मिलिमीटरचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय मिळाला तर उत्तम. बाजारात प्लास्टिकची तिकोनी आधारपट्टी मिळते, काही नळांसोबत खोक्यातच येते आणि बसवणारा ती खोक्यातच ठेवून जातो. आधी ते खोकं शोधा. ती पट्टी थोडं डुगडुगणं थांबवते. तुमच्यासारखा पत्राच बसलेला असेल तर मात्र मी प्लायवर भरवसा ठेवीन.

आता तुकड्याचं माप. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. चकतीपेक्षा जरा मोठा गोल तुकडा कापून भागत नाही. पत्रा त्या गोलाच्या बाहेर वाकायला लागतो. सिंकचा पत्रा कुठे कडक आहे ते बोटाने दाबून बघा. मागच्या दुमडलेल्या काठाजवळ आणि पुढे भांड्याकडे जिथे तो खाली वळतो तिथे तो हलत नाही. मधली सपाट पट्टी हलते. तुकडा पुढे-मागे या दोन्ही कडक जागांच्या अगदी जवळ पोचला पाहिजे, आणि आडवा नळाच्या दोन्ही बाजूंना हाताच्या पंजाएवढा तरी. पण वळणाच्या गोलाईवर चढू देऊ नका, नाहीतर तो तिरका बसेल आणि नळही तिरका होईल. तिथली प्लायची धार कानशीने थोडी उतरवा. सिंकच्या पोटाला आवाज कमी करणारा रबराचा पॅड चिकटवलेला असला तर तुकड्यापुरता खरवडून काढा, मऊ थरावर प्लाय बसवून काही साधत नाही.

प्लाय कापण्यापूर्वी दांड्याची लांबी मोजा. प्लाय, चकती आणि नट एवढं सगळं चढून वर आणखी एका नटापुरते आटे उरले पाहिजेत. उरत नसतील तर त्याच आट्यांचा लांब दांडा आणा. जुना दांडा दुकानात घेऊन जा, नुसतं माप सांगू नका. एम ६ आणि एम ८ (म्हणजे सहा आणि आठ मिलिमीटर जाडीचे आटे) यांत डोळ्याला फसायला होतं.

तुकड्यात भोक सिंकच्या भोकाएवढंच पाडा, म्हणजे चकतीला टेकायला लाकूड मिळेल. पाइप सोडवून नळ वर काढणार असाल तर बंद भोक चालेल, आणि मी तेच सुचवीन. पाइप सोडवायचे नसतील तर भोकापासून काठापर्यंत पाइप शिरेल एवढी खाच कापावी लागेल. मग चकतीचं उघडं तोंड त्या खाचेच्या विरुद्ध दिशेला ठेवा; दोन्ही उघडी तोंडं एका बाजूला आली की तिथे आधारच राहत नाही. कापलेल्या सगळ्या कडांना, भोकाच्या आतल्या बाजूलासुद्धा, वॉर्निशचे दोन हात द्या. प्लाय फुगतो तो कडेने पाणी पिऊन. काहीजण प्लायऐवजी अॅल्युमिनियमची पट्टी घालतात. ओल्या जागी स्टेनलेस स्टीलला चिकटून राहिलेलं अॅल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं, म्हणून मी नाही घालत.

बसवताना दोन्ही अँगल कॉक (सिंकखाली गरम-थंड पाणी बंद करायचे छोटे कॉक) बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, खाली पसरट भांडं ठेवा आणि चष्मा लावा. नट गंजला असेल तर त्यावर गंज सोडवणारं तेल मारून थांबा, झटापट करू नका. पत्र्याचा खड्डा खालून लाकडी ठोकळ्याने हळूहळू दाबून वर आणा. पुरता नाही गेला तरी प्लाय त्याला उचलून धरेल. नळाच्या बुडातली रबरी रिंग खाचेत नीट बसली आहे ना ते बोट फिरवून बघा. मग एकाने वरून नळ सरळ धरायचा आणि दुसऱ्याने खालून लांब बॉक्स पान्याने आवळायचं. आधी हाताने टेकेपर्यंत, मग पान्याने थोडंच. पत्रा वाकायला लागायच्या आत थांबा. त्यावर दुसरा नट घाला, पहिला पान्याने धरून ठेवा आणि दुसरा त्याच्यावर आवळा, म्हणजे हादऱ्याने सुटणार नाही. लाकूड थोडं दबतं, तेव्हा आठवड्याभराने एकदा पाना लावून बघा.

पाइप परत जोडताना पाइप पिळला जात नाही ना इकडे लक्ष असू द्या. पाणी सोडल्यावर प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवा; डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर उमटतो. महिनोन्महिने डुललेल्या नळाचे पाइप बुडाशी सैल झालेले असू शकतात, म्हणून हे टाळू नका.

एवढं करूनही हलला तर मग नळच फार उंच आणि जड आहे. आखूड मानेचा घ्या, आणि घेताना खाली दोन दांडे असलेला बघा.

प्रश्न : नळाच्या बुडाभोवती सिलिकॉन भरलं तर हलायचा थांबेल का?

उत्तर : नाही. सिलिकॉन वाळल्यावरही रबरासारखं राहतं, पाणी अडवतं, नळ धरून ठेवत नाही. हलणाऱ्या नळाभोवती ते लवकरच सुटतं आणि मग त्या फटीत काळं साचतं. आधी नळ पक्का करा. त्यानंतर बुडाखालची रिंग जुनी वाटली तर पातळ रेघ ओढायला हरकत नाही. गोंद किंवा इपॉक्सी लावायचा विचार तर मनातही आणू नका, पुढच्या वेळी नळ काढताना पत्रा फाटेल.

प्रश्न : आमच्या नळाचं बूड हलत नाही, फक्त फिरणारी मान खिळखिळी झाली आहे.

उत्तर : मग सिंकखाली जायची गरजच नाही. मानेच्या मुळाशी, बहुधा मागच्या बाजूला, एक बारीक स्क्रू असतो, अॅलन किल्लीने (षटकोनी टोकाच्या वाकड्या किल्लीने) सुटणारा. पाणी बंद करून तो ढिला करा, मान गोल फिरवत वर ओढा. आतल्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी गोल कड्या, चपट्या किंवा चिरलेल्या दिसतील. त्या घेऊन दुकानात जा, त्याच मापाच्या आणा, नळासाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावून बसवा. खोबरेल किंवा इंजिनचं तेल लावू नका, त्याने रबर फुगू शकतं. काही नळांना स्क्रूऐवजी मानेच्या मुळाशी फिरकीची रिंग असते. ती कापड गुंडाळून पक्कडीने सोडवा, नाहीतर क्रोमवर ओरखडे पडतील.