वाचकांचे प्रश्न : एक्स म्हणजे नेमका कोणता एक्स?

प्रश्न : नातवाने वाढदिवसाला ‘एक्सबॉक्स सीरीज एक्स’ हा व्हिडिओ गेमचा कन्सोल मागितला आहे. दुकानदाराने ‘एक्सबॉक्स वन एक्स’ दाखवला, सेकंडहँड असला तरी तो सुस्थितीत आहे आणि किंमतही पुष्कळ कमी आहे. “काका, एक्स म्हणजे एक्सच, नावात थोडा फरक असतो,” असे तो म्हणाला. घ्यावा काय? – एक आजोबा, नाशिक

उत्तर : घेऊ नये. नावात थोडाच फरक असला तरी यंत्रांमध्ये एका संपूर्ण पिढीचे अंतर आहे. ‘वन एक्स’ 2017 मध्ये आला आणि ‘सीरीज एक्स’ नोव्हेंबर 2020 मध्ये. ‘वन’साठी निघालेले बहुतेक सगळे खेळ ‘सीरीज एक्स’वर चालतात, परंतु केवळ ‘सीरीज’साठी निघालेला खेळ ‘वन एक्स’मध्ये घातला तर तो चालणार नाही, आणि वाढदिवसाच्या दिवशी नातवाचे तोंड उतरेल ते नेमके याच कारणाने.

आपला गोंधळ झाला यात आपला काहीही दोष नाही. मायक्रोसॉफ्टने पहिला एक्सबॉक्स 2001 मध्ये विकायला काढला. 2005 मध्ये दुसरा आला, पण त्याचे नाव ‘एक्सबॉक्स 2’ ठेवले गेले नाही, कारण सोनीचे पुढचे यंत्र ‘प्लेस्टेशन 3’ या नावाने येणार हे उघड होते आणि दुकानाच्या फळीवर तिनाशेजारी दोन ठेवणे म्हणजे आपण मागे आहोत असे आपणच सांगण्यासारखे झाले असते. म्हणून ‘एक्सबॉक्स 360’. येथवर युक्ती समजण्यासारखी आहे. त्यानंतर 2013 मध्ये आलेल्या तिसऱ्या यंत्राला मात्र ‘एक्सबॉक्स वन’ म्हटले गेले. टीव्ही, चित्रपट आणि खेळ सारे एकाच ठिकाणी, असा त्यामागचा विचार होता. पण तोवर लोक पहिल्या यंत्रालाच बोलण्याच्या ओघात ‘एक्सबॉक्स वन’ म्हणू लागले होते. पुढे 2016 मध्ये ‘वन एस’, 2017 मध्ये ‘वन एक्स’ आणि 2020 मध्ये ‘सीरीज एस’ व ‘सीरीज एक्स’. 360 नंतर एक, आणि एकनंतर अक्षरे! सप्टेंबर 2020 मध्ये ‘सीरीज एक्स’ची आगाऊ नोंदणी सुरू झाली, त्या दिवशी ॲमेझॉनच्या विक्रीक्रमवारीत जुन्या ‘वन एक्स’ने एकाएकी मोठी उडी घेतली. बऱ्याच जणांनी घाईगर्दीत चुकीचे यंत्र मागवले असावे, असा तर्क तेव्हा वृत्तसंस्थळांनी केला, आणि तो मला पटण्याजोगा वाटतो.

निन्टेंडो या जपानी कंपनीला नावांच्या या हौसेची किंमत अधिक मोजावी लागली. 2006 च्या ‘वी’ या यंत्राचे 10 कोटींहून अधिक नग विकले गेले. त्याच्या वारसदाराचे नाव ठेवले ‘वी यू’. 2011 मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात त्याची पहिली ओळख करून देताना सारा भर पडदा असलेल्या नव्या कंट्रोलरवर होता; परिणामी हे जुन्या ‘वी’ला जोडायचे एखादे उपकरण असावे, असा समज पसरला. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांनी हा गैरसमज झाल्याचे नंतर जाहीरपणे मान्य केले. ‘वी यू’ 1 कोटी 36 लाखांच्या आसपास थांबला. अपयशाचे सारे खापर नावावर फोडता येत नाही, कारण त्यावर खेळही कमी आले. पण जे आपल्याकडे जुने यंत्र आहेच असे समजून दुकानातून परत फिरले, त्यांना खेळांची यादी दाखवणार तरी कोण? याच कंपनीने 2014 मध्ये जपानमध्ये ‘न्यू निन्टेंडो 3डीएस’ काढला. ‘न्यू’ हे त्याचे अधिकृत नावच होते, त्यामुळे जुन्या बाजारात ‘जुना न्यू’ आणि ‘नवा पण न्यू नसलेला’ असे दोन्ही मिळत, आणि काही खेळ केवळ ‘न्यू’वरच चालत. 2025 च्या यंत्राला त्यांनी ‘स्विच 2’ असे साधे नाव दिले, तेव्हा मला तरी हायसे वाटले. सोनीने 1994 पासून मुख्य यंत्रांचे आकडे एक ते पाच असे सरळ ठेवले. त्यात कल्पकता नसेल. पण जे यंत्र वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असतो, त्याच्या नावाने आधी पैसे देणाऱ्याला वाट दाखवली पाहिजे.

जाता जाता एक. ‘सीरीज एस’ स्वस्त आहे, पण त्यात डिस्क घालायची सोयच नाही. ‘सीरीज एक्स’चाही डिस्कविरहित प्रकार 2024 मध्ये आला आहे. नातवाकडे जुन्या डिस्का असतील, तर खोक्याच्या चित्रात पुढच्या बाजूस डिस्कची फट आहे ना, हे पाहून मगच पैसे द्यावेत.

प्रश्न : आमच्या घरी पूर्वी तालमीच्या फुटबॉलवर वाद होत, आता मोबाइल आणि कन्सोलवरच्या फुटबॉलवर होतात. मुलगा खेळ विकत घेऊनही आत ‘पॉइंट’ आणि ‘पॅक’ घेत राहतो. विकत घेतलेल्या खेळात पुन्हा पैसे कशाचे? – एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : आपला मुलगा बहुधा ‘ईए स्पोर्ट्स एफसी’मधील ‘अल्टिमेट टीम’ हा प्रकार खेळत असावा; 2023 पूर्वी हीच मालिका ‘फिफा’ या नावाने निघत असे. त्यात खऱ्या पैशांनी पॉइंट घेतात, पॉइंटांनी बंद पाकिटे घेतात आणि पाकिटातून कोणता खेळाडू निघेल हे उघडेपर्यंत कळत नाही. चांगला खेळाडू निघण्याची शक्यता किती टक्के, हे तेथे लिहिलेले असते. ते मुलासोबत बसून एकदा वाचावे, एवढ्यानेही पुष्कळ काम होते. दुसरी गोष्ट मुले सहसा सांगत नाहीत : दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि गेल्या वर्षी जमवलेला संघ तिच्यात नेता येत नाही. बेल्जियमच्या जुगार नियामकाने 2018 मध्ये अशा नशिबाच्या पाकिटांना जुगार ठरवले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी कंपनीला तेथील पॉइंटविक्री बंद करावी लागली.

पैशांऐवजी पॉइंट ही मखलाशीही जुनीच आहे. एप्रिल 2006 मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या खेळातील घोड्यासाठी चिलखत विकायला आले, एक पोलादी आणि एक एल्फांच्या घडणीचे. किंमत 200 मायक्रोसॉफ्ट पॉइंट, म्हणजे अडीच डॉलर. 80 पॉइंटांचा एक डॉलर, असा हिशेब मनातल्या मनात कोण करणार? शिवाय पॉइंट ठरावीक गठ्ठ्यांतच मिळत, त्यामुळे थोडे उरत आणि उरलेले संपवण्यासाठी आणखी काही घेतले जाई. खेळाडूंनी त्या चिलखताची इतकी टर उडवली की आजही अनावश्यक विक्रीचे उदाहरण म्हणून त्याचेच नाव निघते. तरीही ते विकले गेले, आणि पुढचा सारा बाजार त्या विक्रीने उभा राहिला, टवाळीने अडला नाही. घरातील उपाय साधा आहे : खात्याला जोडलेले कार्ड काढून टाकावे, पालकांसाठीच्या सेटिंगमध्ये खर्चाची मर्यादा शून्य करावी आणि पॉइंटांची किंमत मुलाला प्रत्येक वेळी रुपयांत मांडायला लावावी.

प्रश्न : खेळातील एखादा भाग उघडण्यासाठी बाहुली विकत घ्यावी लागते, असे ऐकले. ही फॅशन नवी आहे का? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : बाहुलीचे रूप नवे, वृत्ती जुनी. अर्थात या वृत्तीचे सगळेच नमुने सारखे नाहीत. सेगाने 1994 मध्ये ‘सॉनिक ॲन्ड नकल्स’ काढला, तेव्हा त्या कार्ट्रिजच्या (खेळ साठवलेल्या डबीच्या) डोक्यावर एक झाकण होते. ते उघडून त्यात त्याच वर्षी आलेल्या ‘सॉनिक 3’चे कार्ट्रिज खोचले की दोन्ही मिळून एक सलग मोठा खेळ तयार होई. मुळात तो एकच खेळ व्हायचा होता, वेळेअभावी दोन तुकड्यांत आला. पण ज्याने दोन्ही घेतले त्याला दोहोंपेक्षा अधिक मिळाले, म्हणून ही युक्ती मला आजही आवडते.

निन्टेंडोच्या ‘ई-रीडर’ची कथा निराळी. गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या कन्सोलला जोडायचे हे उपकरण अमेरिकेत 2002 मध्ये आले. पत्त्याएवढ्या कार्डाच्या कडेला बारीक ठिपक्यांची पट्टी छापलेली असे. ती खाचेतून हळूच, हात न थरथरता ओढावी लागे. ‘सुपर मारिओ ॲडव्हान्स 4’चे जादा टप्पे अशा कार्डांवर विकले गेले, पण ते खेळात उतरवण्यासाठी एक ई-रीडर, एक जोडतार आणि चक्क दोन गेम बॉय ॲडव्हान्स लागत. एका मुलाकडे दोन यंत्रे कोठून असणार? पुढे ‘वी यू’साठी हाच खेळ पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा ते टप्पे आतच घालून दिले गेले.

तुम्ही ऐकले ती बाहुली म्हणजे ‘अमीबो’. 2011 मध्ये ॲक्टिव्हिजनच्या ‘स्कायलँडर्स’ने खेळणे आणि खेळ यांची जोडी लोकप्रिय केली होती, निन्टेंडोने 2014 मध्ये आपल्या पात्रांच्या बाहुल्या काढल्या, ज्यांच्या बैठकीत एक चिप असते. शोभेची बाहुली म्हणून तिच्याविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. परंतु 2017 च्या ‘मेट्रॉइड : सॅमस रिटर्न्स’मध्ये खेळाची एक अधिक कठीण पातळीच एका बाहुलीमागे बंद ठेवली होती, आणि ‘स्कायवर्ड सोर्ड’ या जुन्या खेळाच्या 2021 मधील ‘एचडी’ आवृत्तीत हव्या त्या ठिकाणाहून थेट आकाशात जाण्याची सोय 25 डॉलरच्या बाहुलीला बांधली होती. जुन्या खेळातील दगदग कमी करणारी ही सुधारणा खेळाच्या किमतीतच मिळायला हवी होती. बाहुलीचा साठा संपला की ती सोयही बाजारभावाच्या हाती जाते.

प्रश्न : ‘स्विच 2’च्या काही खेळांच्या कार्डात खेळच नसतो, हे खरे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : खरे आहे. त्यांना ‘गेम-की कार्ड’ म्हणतात आणि तशी सूचना खोक्याच्या पुढच्या बाजूस खालच्या पट्टीवर छापलेली असते. कार्डात केवळ किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो, त्यासाठी यंत्रात जागा लागते, आणि एवढे करूनही खेळताना कार्ड आत असावेच लागते. त्यातल्या त्यात जमेची बाजू ही की असे कार्ड दुसऱ्याला देता किंवा विकता येते, जे निव्वळ डाउनलोड केलेल्या खेळाबाबत शक्य नसते. सगळेच खेळ असे नाहीत : ‘सायबरपंक 2077’ सारखा अवाढव्य खेळ 64 जीबीच्या कार्डावर पूर्ण आला आहे. निन्टेंडोची यंत्रे आणि खेळ आपल्याकडे बहुतांशी आयात करणाऱ्या दुकानदारांमार्फत येतात, तेव्हा ऑनलाइन मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडून खोक्याच्या दर्शनी बाजूचे छायाचित्र मागून घ्यावे.