वाचकांचे प्रश्न : शनीच्या दर्शनाला जाताना

प्रश्न : माझ्या मुलाची रास मेष आहे. त्याला साडेसाती सुरू झाल्याचे कळल्यापासून सोसायटीतील मैत्रिणी शनिशिंगणापूरला जाण्याचा आग्रह करीत आहेत. शनिवारीच जावे, अमावास्या असल्यास उत्तम, तेल, काळे कापड, उडीद आणि रुईच्या पानांची माळ न्यावी, परतताना मागे वळून पाहू नये, बायकांनी चौथऱ्यावर चढू नये, असे प्रत्येकीचे वेगवेगळे सांगणे आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही तिकडे गेलो होतो, तेव्हा गावाच्या अलीकडेच एका तरुणाने मोटारसायकल आडवी घालून आमची गाडी एका दुकानापुढे थांबवली आणि साडेअकराशे रुपयांचे पूजेचे ताट आमच्या गळ्यात मारले. ते आठवले की पुन्हा जावेसे वाटत नाही, आणि न जावे तर मुलाच्या काळजीने झोप लागत नाही. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, तरी त्यांनाही यायचे आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : आधी साडेसातीविषयी बोलू, कारण आपली झोप तिने उडवली आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्यामुळे बारा राशींपैकी प्रत्येक राशीत तो साधारण अडीच वर्षे असतो. ‘शनैश्चर’ या शब्दाचा अर्थच सावकाश चालणारा असा आहे. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि तिच्या पुढची रास अशा तीन राशींतून त्याचे जाणे म्हणजे साडेसाती. २९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत आला आणि तेव्हापासून मेष राशीची साडेसाती धरली जाते. आता असे पाहा, की कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच. म्हणजे सकाळी ऐरोली स्थानकात गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांपैकी साधारण चौथ्या हिश्शाची साडेसाती आजही चालू आहे, आणि ही माणसे कामावर जात आहेत, त्यांची मुले परीक्षा देत आहेत, त्यांच्या घरी कार्येही होत आहेत. आपल्या सासूबाईंच्या आयुष्यात ती किमान दोनदा येऊन गेली आहे. त्या वर्षांत घरात काय काय घडले, हे त्यांना एकदा निवांत विचारावे. माझ्या उत्तरापेक्षा त्यांच्या उत्तराने आपल्याला अधिक धीर येईल असे मला वाटते.

शनीच्या दर्शनाला दंड भरायला जाऊ नये, असे माझे मनापासूनचे मत आहे. शनिवारी घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पोथीतील विक्रम राजाची कथा आपण ऐकली असेल. शनीचा उपहास करणाऱ्या राजाचे हातपाय जातात, तेल्याच्या घाण्यावर बसून त्याला दिवस काढावे लागतात, आणि साडेसात वर्षांनी शनी प्रसन्न होतो तेव्हा राजा मागणे मागतो ते असे, की मला पीडा दिलीस तशी दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. कथा सांगणारे राजाच्या हालांवर जितके रेंगाळतात तितके या मागण्यावर थांबत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष स्थानाविषयी. शिंगणापूर नेवासे तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तेथे गाभारा नाही, कळस नाही. उघड्या चौथऱ्यावर सुमारे साडेपाच फूट उंचीची काळी शिळा उभी आहे आणि ऊन, पाऊस, वारा ती अंगावर घेते. पुरात पानसनाल्यातून ही शिळा वाहत आली, गुराख्याने काठी टोचताच तिच्यातून रक्त आले आणि शेवटी मामा-भाच्यांच्या हातूनच ती जागची हलली, अशी गावाची श्रद्धा आहे. म्हणून मामा-भाच्यांनी जोडीने दर्शन घेणे तेथे विशेष मानले जाते. आपल्या भावाला सवड असेल तर त्याला अवश्य सोबत घ्यावे. मुलाच्या मनातली भीती आईपेक्षा मामाजवळ लवकर मोकळी होते, असा माझा अनुभव आहे. गावातील अनेक घरांना आजही चौकट आहे, पण दाराच्या फळ्या नाहीत, नुसता पडदा असतो, कारण राखण करणारा देव आहे असे लोक मानतात. ज्या देवाच्या भरवशावर माणसे घर उघडे टाकून झोपतात, त्याला आपण केवळ छळणारा समजतो, हे मुलाला तेथे उभे राहून दाखवता येईल.

मी पहिल्यांदा गेलो तो एक साधा बुधवार होता, पहाटे साडेपाचची वेळ होती. शिळेवरून तेलाची धार इतकी संथ उतरत होती की ती वाहते आहे की थांबली आहे हे कळत नव्हते, आणि खालच्या फरशीवर पाय ठेवताच तळवा चिकटत होता. ही फरशी सासूबाईंसाठी खरी अडचण आहे. तेलकट जागी त्यांना उभे करू नये, चौथऱ्यावर चढवू नये. शिळा उघड्यावर असल्यामुळे समोरून, जरा लांबूनही तिचे दर्शन पूर्ण होते आणि खालूनही तेल अर्पण करता येते. काठी आणि एक हात धरणारे माणूस सोबत असावे. शनिवार, शनी अमावास्या आणि वैशाख अमावास्येला येणारी शनी जयंती हे दिवस त्यांच्यासाठी सर्वथा टाळावेत. शनिवारच्या दर्शनाला मान आहे हे खरे, पण अन्य दिवशी गेल्याने देव दर्शन नाकारीत नाही.

चौथऱ्याविषयी आपल्या मैत्रिणींची माहिती जुनी आहे. महाराष्ट्रात १९५६ पासून सार्वजनिक हिंदू पूजास्थानांत प्रवेशाचा कायदा आहे, त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी स्त्रियांचा हक्क स्पष्ट केला आणि त्याच महिन्याच्या ८ तारखेला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा स्त्रियांसाठी खुला केला. आपल्याला चढायचे असेल तर निःशंकपणे चढावे, नको असेल तर चढू नये. या दोन्हींचा मुलाच्या राशीशी काही संबंध नाही. मागे वळून न पाहण्याचा प्रघात पाळावासा वाटला तर पाळावा, पण चुकून मान वळली म्हणून रात्रभर तळमळू नये.

तेल घरून न्यावे, पण सुटे नको; मार्च २०२५ पासून तेथे नामांकित कंपनीचे सीलबंद तेलच चालते. स्वयंपाकात वापरतो तितके चांगले तिळाचे तेल, तेही थोडेच, पुरेसे आहे. देवाच्या नावाने विकले जाणारे भेसळीचे तेल शिळेवर घालणे मला पटत नाही. काळे तीळ, उडीद आणि रुईची माळ ठाण्याच्या किंवा ऐरोलीच्या मंडईतही मिळते. गाडी अडवणाऱ्या तरुणांना तिकडे ‘लटकू’ म्हणतात. ‘पार्किंग येथेच आहे, ताट घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत’, असे ते सांगतात. काच खाली न करता सरळ देवस्थानाच्या वाहनतळापर्यंत जावे, आणि देणगी द्यायची झाल्यास ती देवस्थानाच्या देणगी-खिडकीवर देऊन पावती घ्यावी. मागच्या वेळी जे घडले त्यात आपली चूक नव्हती आणि त्या ताटाने पूजा बाटलीही नाही.

जाण्यासाठी कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा, नगर आणि घोडेगाव हा रस्ता आपल्याला सोयीचा आहे. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी कोसळतात, त्या दिवसांत नाशिक-शिर्डीमार्गे जावे; शिर्डीपासून शिंगणापूर सुमारे ७० किलोमीटर आहे. सासूबाईंचे गुडघे पाहता एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये, वाटेत मुक्काम करावा. आणि गाडी चालवण्याचे, आजीचा हात धरण्याचे काम मुलालाच द्यावे. ज्योतिषात शनी हा श्रमिकांचा, सेवकांचा आणि वृद्धांचा कारक, म्हणजे त्यांचा प्रतिनिधी ग्रह, मानला जातो, तेव्हा त्याच्या सेवेला सुरुवात घराच्या दारातूनच होईल.

प्रश्न : मुलीला कडक मंगळ आहे म्हणून दोन स्थळे परत गेली. अमळनेरच्या मंगळ ग्रह मंदिरात जावे की उज्जैनच्या मंगळनाथाला? एका परिचितांनी शांतीचा खर्च २१ हजार रुपये सांगितला आहे.
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : पत्रिकेतील पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मंगळदोष धरतात. बारापैकी पाच स्थाने ही झाली. अपवाद वगळण्यापूर्वी इतक्या साऱ्या मुलामुलींना हा मंगळ लागतो, म्हणून शास्त्रातच त्याचे अनेक परिहार, म्हणजे दोष रद्द करणारे योग, सांगितले आहेत. पत्रिका पुन्हा पाहायची असेल तर परिहार पाहणाऱ्या, आणि शांतीचे काम स्वतः न घेणाऱ्या माणसाला दाखवावी.

दोन्ही स्थाने चांगली आहेत. उज्जैनला क्षिप्रेच्या काठी मंगळनाथ शिवलिंगरूपात आहे, परंपरा त्या जागेला मंगळाचे जन्मस्थान मानते आणि तेथील भातपूजा प्रसिद्ध आहे. अमळनेर जळगाव जिल्ह्यात, आपल्या खानदेशात. मंगळ हा भूमीचा पुत्र, त्यामुळे विवाहाच्या चिंतेने येणाऱ्यांबरोबर शेतीवाडीची माणसेही त्याच्यापुढे हात जोडतात. मंगळवारी तेथे फार गर्दी असते. ठाण्याहून रेल्वेने जळगावपर्यंत जाऊन पुढे अमळनेर गाठता येते, रस्त्याने नाशिक-धुळे मार्ग आहे. मी अमळनेरला जाण्याचे सुचवीन, कारण ते जवळ आहे. अभिषेक करावयाचा तर देवस्थानातच चौकशी करून करावा. २१ हजारांची शांती कर्ज काढून करू नये. आणि मुलीला तिची इच्छा असेल तरच न्यावे. आपल्यामुळे घरावर संकट आहे असे वाटून देवापुढे उभे राहणे, हे कोणत्याही मुलीच्या वाट्याला येऊ नये.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्हा उभयतांना तमिळनाडूतील नवग्रह मंदिरांची यात्रा करायची आहे. एका दिवसात नऊ मंदिरे दाखवणाऱ्या सहली आहेत. त्या कशा वाटतात?
— एक दांपत्य, खारघर

उत्तर : एका दिवसात मंदिरे मोजून होतील, दर्शन होणार नाही. ही देवळे दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात, हे वेळापत्रक पाहता तीन दिवस हवेत. सूर्यनार कोविल, कंजनूरचा शुक्र, आलंगुडीचा गुरू, तिरुनागेश्वरमचा राहू आणि तंजावरच्या दिशेला असलेला तिंगळूरचा चंद्र ही पाच स्थाने कुंभकोणमला राहून करावीत. वैथीश्वरन कोविलचा मंगळ, तिरुवेंकाडूचा बुध, कीळपेरुम्पल्लमचा केतू आणि तिरुनल्लारचा शनी ही चार पूर्वेकडे, समुद्राच्या बाजूला आहेत, त्यांच्यासाठी मायिलादुतुरैला मुक्काम हलवावा.

जाण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात असू द्यावी, की सूर्यनार कोविल सोडले तर या मंदिरांत मुख्य देव शिव आहे आणि ग्रहाचे स्थान त्याच्या आवारात स्वतंत्र आहे. म्हणून आधी शिवाचे दर्शन घ्यावे. घाईच्या सहलींत नेमके हेच राहून जाते. तिरुनल्लार पुदुच्चेरीच्या कारैकाल जिल्ह्यात येते. तेथील शिवाला दर्भारण्येश्वर म्हणतात, आणि नळराजाची शनीच्या तावडीतून येथेच सुटका झाली असे स्थलपुराण सांगते. महाभारतात नळाला कलीने ग्रासल्याचे आपण वाचलेले असते, या स्थलपुराणात कलीच्या जागी शनी येतो. तिळाचे तेल अंगाला लावून नळतीर्थात स्नान करण्याची प्रथा आहे. स्नानानंतर अंगावरचे कपडे तेथेच सोडून देण्याची चाल पूर्वीपासून आहे, पण त्याने तीर्थाचे पाणी घाण होते, तेव्हा ओले कपडे पिशवीत भरून परत आणावेत. पायऱ्या तेलाने निसरड्या झालेल्या असतात. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कारैकालला आठवड्यातून एकदा थेट गाडी सुटते. तिने गेल्यास तिरुनल्लार आधी करता येईल.