घटस्फोटाच्या मसुद्यावर सही करण्याआधी पेन्शनचा हिशेब

भुसावळच्या एका भगिनींचा प्रश्न आहे. पती 2001 पासून रेल्वेत नोकरीला आहेत. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी ते 12 लाख रुपये एकरकमी देऊ करतात. त्या बदल्यात ‘माझा व मुलीचा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही’ असे लिहून मागतात. पंधरा वर्षांची मुलगी आईसोबत चोपड्याला आजोळी राहते.

ताई, घटस्फोट घ्यावा की नाही, हे सर्वस्वी आपण ठरवायचे आहे; परंतु या मसुद्यावर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पतींची भरती 2004 पूर्वीची असल्याने त्यांना जुनी पेन्शन लागू आहे. त्यांच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे अखेरच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के असते. मूळ वेतन 60,000 धरले तर दरमहा 18,000 रुपये, शिवाय महागाई भत्ता. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की आपला हा हक्क संपतो, मुलीचा मात्र संपत नाही. न्यायिक विभक्ततेत, म्हणजे विवाह न मोडता न्यायालयाच्या आदेशाने वेगळे राहण्यात, पत्नीचा दर्जा टिकतो, म्हणून पुनर्विवाहाचा विचार नसेल तर वकिलांशी त्या पर्यायावरही बोलावे. याउलट, 12 लाखांपैकी 9 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले, तर 7.4 टक्के दराने महिन्याला 5,550 रुपये हाती येतात, आणि महागाई वाढली तरी ही रक्कम तेवढीच राहते.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा अर्धा वाटा पत्नीला आपोआप मिळावा, असा कायदा आपल्याकडे नाही. तरीही पोटगी ठरवताना न्यायालय पतीची ऐपत पाहते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निर्देशांनुसार दोघांनाही मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. आपण कळवलेली यावलची केळीची बागायत पतींच्या नावावर असेल, तर तीही त्यात आलीच पाहिजे. सातबारा आजच काढून ठेवावा. निवृत्तीनंतर पोटगी थकली तर पतीच्या पेन्शनवर टाच आणता येते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये दिला आहे.

मुलीचा हक्क तर आपल्यालाही सोडता येत नाही. आईने तडजोडीत लिहून दिले तरी ते मुलीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच म्हटले आहे. ते वाक्य खोडूनच टाकावे, आणि तिच्या शिक्षणाची रक्कम तिच्या नावे वेगळी लिहून घ्यावी.

आपल्यासाठी एकरकमी रक्कम आणि दरमहा पोटगी, दोन्ही मागाव्यात. दरमहाच्या रकमेवर प्राप्तिकर लागू शकतो, एकरकमी पोटगीवर सहसा लागत नाही. पण केवळ करासाठी दरमहाचा आधार सोडू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या एका निकालात दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ ठरवून दिली. तसे कलम मसुद्यात घालावे. एकरकमी रकमेपैकी अर्धी घटस्फोटाच्या पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेली न्यायालयातील दुसऱ्या, अंतिम जबाबाआधी डिमांड ड्राफ्टने घ्यावी. हुकूमनामा होईपर्यंत आपल्याला संमती मागे घेता येते, तोवर पैसे खात्यात जमा झालेले असावेत.